छातीत बसण्याआधी झडपेची परीक्षा

आमच्या शाखेतील एका सहकाऱ्याच्या मातोश्रींना चार पायऱ्या चढल्या की दम लागू लागला. वय ७८. एकदा भाजी आणायला गेल्या असता रस्त्यातच भोवळ आली. तपासण्या झाल्या आणि निदान निघाले की, हृदयातील महाधमनीची झडप कॅल्शियमच्या थरांनी आखडून गेली आहे. छाती उघडून करायची शस्त्रक्रिया या वयात झेपणार नाही. मात्र जांघेतील रक्तवाहिनीतून नळी घालून नवी झडप बसवता येईल, असे डॉक्टरांनी सांगितले. घरच्या मंडळींनी खर्च विचारला, धोका विचारला, दवाखान्यात किती दिवस राहावे लागेल ते विचारले. मातोश्रींनी मात्र एकच प्रश्न केला, "ही झडप आधी कशात घालून बघितली?"

डॉक्टर हसून म्हणाले, "आजी, हजारो लोकांना बसवली आहे." उत्तर खोटे नव्हते, पण पुरते नव्हते. त्या हजारोंमध्येही कुणीतरी पहिला होताच. त्या पहिल्या माणसाच्या आधी काय केले होते, हे मातोश्रींना हवे होते. आम्ही पडलो कला शाखेचे पदवीधर, नोकरी बँकेत लिपिकाची. तरीही तो प्रश्न आमच्या डोक्यातून जाईना. म्हणून ग्रंथालयात बसून व जाणकारांना विचारून जे समजले, ते आपल्या संस्थेचे सभासद व विद्यार्थी यांच्यापुढे साध्या भाषेत मांडत आहोत.

झडपेचे काम

आपले हृदय म्हणजे मुठीएवढा पंप. त्याला चार झडपा असतात. रक्ताने पुढेच जावे, मागे फिरू नये, एवढेच त्यांचे काम. पैकी महाधमनीची झडप डावी जवनिका आणि शरीरभर रक्त नेणारी महाधमनी यांच्यामध्ये असते. तिला अर्धचंद्राच्या आकाराच्या तीन पातळ पाकळ्या असतात. हृदय आकुंचन पावले की पाकळ्या बाजूला होतात व रक्त पुढे जाते; सैल झाले की पाकळ्या मिटतात.

मिनिटाला ७० ठोके धरले तर दिवसाला एक लाखाहून अधिक आणि वर्षाला सुमारे पावणेचार कोटी वेळा ही उघडमीट चालते. कोणत्याही दाराची बिजागरी एवढे काम करणार नाही. वय वाढते तसे काहींच्या पाकळ्यांवर कॅल्शियम साचते, त्या ताठ होतात. निरोगी माणसात उघडल्यावर तीन ते चार चौरस सेंटिमीटर असणारी वाट एक चौरस सेंटिमीटरच्याही खाली येते. मग दम लागणे, छातीत दुखणे, भोवळ येणे सुरू होते. यावर गोळ्यांचा उपयोग फारसा नाही. झडप बदलणे हाच उपाय.

१९६० पासून छाती उघडून, हृदयाचे काम काही वेळ यंत्राकडे सोपवून, खराब झडप कापून तिथे कृत्रिम झडप शिवली जाते. हा उपाय उत्तम आहे, परंतु वृद्ध आणि अशक्त माणसांना तो नेहमी सोसत नाही. अशांसाठी नळीतून झडप नेण्याची कल्पना निघाली.

नळीतून झडप

फ्रान्समधील रुआँ या शहरातील हृदयरोगतज्ज्ञ आलँ क्रिबिए यांनी १९८५ साली नळीच्या टोकाला असलेला फुगा आखडलेल्या झडपेत फुगवून वाट मोकळी केली. रुग्णाला बरे वाटले, परंतु काही महिन्यांत झडप पुन्हा आखडते असे पुढे दिसून आले. वाट नुसती मोकळी करून भागत नाही, ती मोकळी ठेवणारे काहीतरी आत बसवले पाहिजे, हे स्पष्ट झाले.

डेन्मार्कमध्ये हेनिंग रूड आंडरसन या तरुण डॉक्टराने १९८९ मध्ये तारेची जाळी स्वतः वळून तयार केली. तार घेतली साध्या हत्यारांच्या दुकानातून आणि डुकराची हृदये आणली खाटकाकडून. त्या हृदयातील झडप काढून त्याने जाळीत शिवली, जाळी फुग्यावर दाबून बसवली आणि १ मे १९८९ रोजी ती एका जिवंत डुकराच्या महाधमनीत नळीने नेऊन बसवली. विद्यार्थ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. पहिल्या प्रयोगाची सामग्री बाजारात मिळणारी होती.

क्रिबिए यांच्यापुढे मात्र वेगळाच प्रश्न होता. डुकराची झडप निरोगी व मऊ. रुग्णाची झडप दगडासारखी. त्या दगडात जाळी बसेल का? ती हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांची तोंडे तर झाकणार नाही ना? रक्ताच्या जोराने निसटून तर जाणार नाही ना? हे आक्षेप त्या काळी तज्ज्ञांनीच घेतले होते. क्रिबिए यांनी १९९० नंतरच्या वर्षांत, अशाच रोगाने झडप आखडलेल्या मृत व्यक्तींच्या हृदयांत जाळी बसवून पाहिली. किती उंचीची जाळी चालेल आणि ती ओढली तर निघते का, हे मोजले. पुढे मेंढ्यांवर प्रयोग झाले. अखेर १६ एप्रिल २००२ रोजी रुआँ येथे ५७ वर्षांच्या एका अत्यवस्थ रुग्णाला नळीतून झडप बसवण्यात आली. झडपेने काम केले. रुग्ण मात्र सुमारे चार महिन्यांनी हृदयाबाहेरच्या गुंतागुंतीमुळे वारला. तोच तो पहिला माणूस. त्याच्या आधी मृत हृदये होती, मेंढ्या होत्या आणि प्रयोगशाळेतील यंत्रे होती.

काच, पाणी आणि गवताचे बी

झडपेचा नमुना करून पाहण्याची कल्पना मात्र याहून फार जुनी आहे. इटलीचा चित्रकार लिओनार्दो दा विंची याने १५१३ च्या सुमारास बैलाच्या हृदयात मेण ओतून साचा घ्यावा, त्यावरून महाधमनीच्या मुळाचा काचेचा नमुना करावा, त्यातून पाणी सोडावे आणि पाण्यात गवताचे बी टाकून प्रवाह कसा वळतो ते पाहावे, असे टिपणात लिहून ठेवले आहे. झडपेच्या पाकळ्यांमागे महाधमनीला तीन फुगीर कप्पे असतात. तिथे पाणी भोवऱ्यासारखे फिरते व तो भोवरा पाकळ्या मिटायला मदत करतो, असे त्याने चितारले. सुमारे साडेचारशे वर्षांनंतर, १९६८ साली, ऑक्सफर्डच्या बेलहाउस यांनी प्रयोगशाळेतील नमुन्यावर हाच भोवरा दाखवून दिला.

हे कप्पे व हे भोवरे वाचकांनी लक्षात ठेवावेत. पुढे त्यांचा पुन्हा संबंध येणार आहे.

नाडीची नक्कल करणारे यंत्र

आजच्या प्रयोगशाळेत झडपेची पहिली मोठी परीक्षा 'पल्स डुप्लिकेटर' या यंत्रावर होते. नावाप्रमाणे हे नाडीची नक्कल करणारे यंत्र. पाहायला गेले तर पारदर्शक प्लास्टिकच्या पेट्या, नळ्या आणि एक पंप. पंपाचा दट्ट्या संगणकाच्या हुकमाने पुढेमागे होतो. ती डावी जवनिका. पुढच्या पेटीत परीक्षेची झडप बसवलेली असते. त्यापुढे हवा कोंडलेली एक पेटी असते. महाधमनी रबरासारखी ताणते व पुन्हा आवळते, तेच काम ही कोंडलेली हवा करते. शेवटी प्रवाहाला अडथळा आणणारा चाप असतो. तो म्हणजे शरीरातील असंख्य बारीक रक्तवाहिन्या. विहिरीवरचा पंप, टाकी आणि नळाची तोटी ज्याने पाहिली आहे त्याला हे यंत्र समजायला अडचण नाही.

रक्ताच्या जागी बहुधा पाणी व ग्लिसरीन यांचे मिश्रण वापरतात, कारण त्याचा दाटपणा रक्ताशी जुळवता येतो आणि ते पारदर्शक असते. मिनिटाला ७० ठोके, मिनिटाला पाच लिटर प्रवाह आणि महाधमनीत पाऱ्याचे १०० मिलीमीटर सरासरी दाब, अशी निरोगी माणसाची परिस्थिती यंत्रात उभी करतात. मग ठोके वाढवून, दाब कमी-जास्त करूनही पाहतात, कारण माणूस नेहमी आरामात बसलेला नसतो.

मोजायचे काय? पहिली गोष्ट, झडपेच्या अलीकडच्या व पलीकडच्या दाबात किती फरक पडतो. फरक जितका अधिक तितका हृदयाला भार अधिक. दुसरी, झडप प्रत्यक्षात किती उघडते. तिसरी, मिटल्यावर किती द्रव मागे गळतो. नळीतून बसवलेल्या झडपेत ही गळती दोन ठिकाणी होऊ शकते: पाकळ्यांमधून, आणि जाळी व महाधमनीची भिंत यांच्यामधल्या फटीतून. शिवलेल्या झडपेला टाके असतात. ही झडप केवळ दाबाने अडकलेली असते, म्हणून फटीचा प्रश्न मोठा.

शिवाय लिओनार्दोच्या गवताच्या बियांची जागा आता अतिसूक्ष्म कणांनी घेतली आहे. द्रवात कण सोडून लेझरच्या पातळ पडद्यासारख्या प्रकाशात त्यांची वेगाने छायाचित्रे घेतात. दोन छायाचित्रांमध्ये कण किती सरकले यावरून प्रवाहाचा वेग जागोजाग काढता येतो. प्रवाह कुठे फार जोरात घासतो आणि कुठे अगदी साचून राहतो, हे त्यावरून कळते. घासला तर रक्तपेशींना इजा, साचला तर गुठळी.

वीस कोटी ठोके

दुसरी परीक्षा सहनशक्तीची. आज झडप चांगली चालते म्हणून पाच वर्षांनीही चालेल, असे कोण सांगणार? आणि पाच वर्षे थांबायला रुग्णाला सवड नाही. म्हणून वेगवान झिजेचे यंत्र केले आहे. यात एका वेळी अनेक झडपा बसवून त्यांची सेकंदाला दहा-पंधरा किंवा त्याहूनही अधिक वेळा उघडमीट करवतात. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या ५८४० क्रमांकाच्या मानकात कृत्रिम झडपांचे नियम आहेत. २०१३ साली त्यात नळीतून बसवायच्या झडपांसाठी स्वतंत्र भाग आला. त्यानुसार प्राण्याच्या ऊतीपासून केलेल्या लवचिक पाकळ्यांच्या झडपेने किमान २० कोटी उघडमिटी सोसल्या पाहिजेत. धातू किंवा कार्बनच्या कडक झडपेसाठी हा आकडा ४० कोटी.

आम्ही सवयीने हिशेब करून पाहिला. वर्षाला पावणेचार कोटी ठोके धरले तर २० कोटी ठोके म्हणजे माणसाची पाच वर्षांहून थोडी अधिक. सेकंदाला १५ या गतीने यंत्र रात्रंदिवस चालवले तर हेच काम सुमारे पाच महिन्यांत होते. मधूनमधून यंत्र थांबवून पाकळ्यांना चीर पडली का, टाका उसवला का, जाळीची काडी तडकली का, हे पाहतात.

नळीतून जाणाऱ्या झडपेला आणखी एक जाच सोसावा लागतो. पूर्ण उघडल्यावर ही झडप पाच-दहा रुपयांच्या नाण्याएवढी असते. तिला घडी घालून, आवळून, पेन्सिलीहून बारीक करून नळीत भरतात. सुरुवातीच्या काळात ही नळी आठ मिलीमीटर जाडीची होती. आता ती बरीच बारीक झाली आहे. पाकळ्या असतात गाई-बैलांच्या किंवा डुकराच्या हृदयावरील पातळ आवरणाच्या. त्या चुरगळल्या जाताना इजा होते का, हेही पाहावे लागते. त्यामुळे झडप आधी आवळून, मग उलगडून, त्यानंतरच झिजेच्या यंत्रात घालतात.

ही परीक्षा किती गरजेची आहे याची साक्ष एका जुन्या झडपेने दिली आहे. ब्यॉर्क–शायली नावाच्या शस्त्रक्रियेने बसवायच्या यांत्रिक झडपेचा एक प्रकार १९७९ पासून वापरात आला. जगभरात सुमारे ८६ हजार लोकांच्या हृदयात ती बसली. तिची चकती धरून ठेवणारी बारीक दांडी काहींमध्ये अचानक तुटू लागली. शेकडो झडपा अशा तुटल्या व बहुतेकांना प्राण गमवावे लागले. १९८६ मध्ये ती बाजारातून काढून घेतली. परंतु जी झडप छातीत आहे ती बाजारातून काढून घेता येत नाही. बनावट नोट काउंटरवर पकडता येते. हृदयात बसलेली चूक पकडायला तिथे कुणी बसलेले नसते.

ज्याचे त्याचे हृदय

वरच्या यंत्रात महाधमनी सरळ गोल नळीसारखी असते. खऱ्या माणसाची तशी नसते. कुणाची वाट लंबगोल, कुणाच्या एकाच पाकळीवर कॅल्शियमचा खडा, कुणाला जन्मतःच तीनऐवजी दोन पाकळ्या. म्हणून रुग्णाच्या सी. टी. स्कॅनवरून त्याच्याच महाधमनीच्या मुळाचा नमुना त्रिमितीय छपाईने तयार करतात. भिंत मऊ, रबरासारख्या पदार्थाची आणि कॅल्शियमचे खडे कठीण पदार्थाचे, असे एकाच नमुन्यात छापता येतात. त्यात वेगवेगळ्या मापांच्या झडपा बसवून फट कुठे राहते, धमनीचे तोंड झाकले जाते का, हे आधीच पाहता येते. हेच काम संगणकावर केवळ गणितानेही करतात. पण त्या गणिताचा ताळा शेवटी प्रत्यक्ष नमुन्याशी लावावाच लागतो.

तिसरा मार्ग खऱ्या हृदयाचा. कत्तलखान्यातून आणलेले डुकराचे हृदय पंपाला जोडून आतून कॅमेरा घातला, तर नळी आत कशी वळते हे डोळ्यांनी दिसते. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात पॉल आयझो यांच्या प्रयोगशाळेने याहून पुढे जाऊन, शरीराबाहेर काढलेले हृदय रक्ताऐवजी स्वच्छ द्रवावर पुन्हा धडधडत ठेवले आणि आतल्या झडपांचे चित्रण केले. डुकरांच्या हृदयांबरोबरच, दान केलेली पण प्रत्यारोपणास अयोग्य ठरलेली मानवी हृदयेही तिथे अशी पाहिली गेली. एरवी रक्तामुळे हृदयाच्या आत कॅमेऱ्याला काही दिसत नाही. कुण्या अनोळखी कुटुंबाने दुःखाच्या घडीला दिलेल्या संमतीमुळे हे ज्ञान मिळाले, हेही विसरता कामा नये.

सर्वात शेवटी जिवंत प्राणी, बहुधा मेंढी. यंत्रात रक्त गोठत नाही, कॅल्शियम साचत नाही, शरीर परक्या वस्तूला प्रतिकार करत नाही. हे सर्व जिवंत देहातच घडते. परंतु मेंढीची झडप निरोगी व मऊ असते, म्हणून वृद्ध माणसाच्या दगडी झडपेत काय होईल हे मेंढी सांगत नाही.

तर प्रत्येक नमुना एका प्रश्नाचे उत्तर देतो आणि बाकीच्यांबाबत गप्प राहतो. बँकेत एका रजिस्टरावरून ताळेबंद जुळत नाही. रोकड, खाती व व्हाउचर सर्व जुळवावी लागतात. तसेच येथे आहे.

नमुन्याने न सांगितलेले

इतके करूनही काही गोष्टी माणसात झडप बसल्यावरच कळल्या. अमेरिकेत शस्त्रक्रियेस अयोग्य ठरलेल्या ३५८ रुग्णांची मोठी चाचणी झाली व तिचा निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षभरात नेहमीच्या उपचारांवरील सुमारे ५१ टक्के रुग्ण दगावले, तर नळीतून झडप बसवलेल्यांपैकी सुमारे ३१ टक्के. लाभ मोठा होता. मात्र पक्षाघात व रक्तवाहिन्यांच्या इजा नव्या उपचारात अधिक होत्या. पुढे २०१२ मध्ये असेही दिसले की, जाळीभोवतीच्या फटीतून होणारी थोडी गळतीसुद्धा मृत्यूचे वाढते प्रमाण दाखवते. मग प्रयोगशाळेत पुन्हा काम सुरू झाले आणि पुढच्या झडपांना फट बुजवणारी कापडी झालर आली.

२०१५ साली दुसरी गोष्ट पुढे आली. सी. टी. स्कॅनमध्ये काही रुग्णांच्या नव्या पाकळ्यांवर गुठळीचा पातळ थर दिसला व पाकळ्या नीट हलत नव्हत्या. रुग्णांना त्रास जाणवत नव्हता. कारण शोधताना प्रयोगशाळांचे लक्ष पुन्हा पाकळ्यांमागच्या कप्प्यांकडे गेले. नळीतून झडप बसवताना जुनी झडप कापून काढत नाहीत. ती बाजूला दाबली जाते व नव्या पाकळ्यांमागे एक अरुंद कोनाडा तयार होतो. तिथे प्रवाह मंदावतो, लिओनार्दोने चितारलेला भोवरा नीट फिरत नाही. पाचशे वर्षांपूर्वीचा प्रश्न असा पुन्हा टेबलावर आला.

आपल्या देशाची झडप

आपल्या देशातही ही परीक्षा पूर्वीपासून चालत आलेली आहे. तिरुवनंतपुरम येथील श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियातन यांच्या नेतृत्वाखाली स्वदेशी यांत्रिक झडप तयार झाली. ती नळीतून नव्हे, शस्त्रक्रियेने बसवायची. पण तिची कथा बोधप्रद आहे. पहिले तीन नमुने बाद झाले. कुठे धातूचा जोड तुटला, कुठे दांडी झिजली, कुठे नीलमण्याच्या स्फटिकाची चकती फुटली. चौथ्या नमुन्यात खास कठीण प्लास्टिकची चकती वापरली. ती यंत्रावर टिकली, मेंढ्यांत टिकली, आणि ६ डिसेंबर १९९० रोजी प्रथम माणसात बसली. पुढे एक लाखाहून अधिक रुग्णांना ही झडप परदेशी झडपेपेक्षा कमी किमतीत मिळाली. ते तीन नमुने प्रयोगशाळेत हरले म्हणून हे रुग्ण जगले, असे आम्ही म्हणू. नळीतून बसवायची भारतीय झडप गुजरातमधील वापी येथे तयार झाली व २०१८ मध्ये तिला देशात परवानगी मिळाली. माणसांच्या वाटा वेगवेगळ्या मापांच्या असतात म्हणून तिची मापे दीड-दीड मिलीमीटरच्या अंतराने ठेवली आहेत. परदेशी झडपांशी तिची तुलना करणाऱ्या चाचणीचा निष्कर्ष २०२४ मध्ये आला. ती त्यांच्या तुलनेत उणी ठरली नाही.

तरीही एक प्रश्न उरतो आणि तो आपल्या वस्त्यांचा आहे. आतापर्यंत सांगितलेले बहुतेक नमुने कुणाच्या हृदयाचे? श्रीमंत देशांतील वृद्धांच्या, कॅल्शियमने कडक झालेल्या झडपांचे. त्या कडकपणातच जाळी घट्ट अडकते. आपल्याकडे मात्र ऱ्हुमॅटिक तापाने झडप बिघडलेली माणसे मोठ्या संख्येने आहेत. लहानपणी घसा सुजतो, त्यातील जंतूंमुळे पुढे ताप व सांधेदुखी होते, आणि शरीराचाच प्रतिकार हृदयाच्या झडपांवर उलटतो. दाटीवाटीची घरे व वेळेवर न मिळालेले औषध हे या रोगाचे मुख्य मित्र. रुग्ण साठीचा नसतो, विशी-तिशीचा असतो. अनेकदा पहिल्या बाळंतपणात रोग उघडा पडतो. यात बहुधा डाव्या बाजूची दुसरी, म्हणजे मायट्रल झडप बिघडते. ती केवळ आखडली असेल तर १९८२ मध्ये जपानच्या इनोउए यांनी सुरू केलेल्या फुग्याच्या उपचाराने मोकळी करता येते, व आपल्या देशात तो उपचार मोठ्या प्रमाणावर होतो. पण झडप गळू लागली तर फुग्याचा उपयोग नाही. महाधमनीची झडप या रोगाने बिघडली तर ती मऊ राहते, आणि तिथे जाळी निसटण्याचे भय असते. शिवाय तरुण रुग्णाला झडप पाच नव्हे, चाळीस वर्षे हवी असते. २० कोटी ठोक्यांची परीक्षा त्याला कशी पुरेल?

म्हणजे यंत्रात कोणती भिंत बसवायची, मऊ की कडक, आणि यंत्र किती कोटी ठोक्यांवर थांबवायचे, हा केवळ तांत्रिक प्रश्न राहत नाही. ज्यांच्या हृदयाचा नमुना टेबलावर असतो, त्यांच्यासाठी औजार तयार होते. दक्षिण आफ्रिकेत केप टाउन विद्यापीठाचे शल्यविशारद पीटर झिला यांच्या गटाने नेमके ऱ्हुमॅटिक रुग्णांसाठी, कॅल्शियम नसलेल्या वाटेत बसेल अशी झडप करण्याचे काम हाती घेतले. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य सभेनेही या रोगाबाबत ठराव केला. आपल्या महाविद्यालयांतील तरुणांनीही या कामाकडे पाहावे.

विद्यार्थी मित्रांनो, हृदयाची सेवा करायला केवळ डॉक्टरच व्हावे लागते असे नाही. या परीक्षेत यंत्र अभियंता पंप बांधतो, रसायनाचा पदवीधर द्रव जुळवतो, गणिती प्रवाह मोजतो, पशुवैद्य मेंढीची काळजी घेतो, संगणकाचा जाणकार नमुना छापतो आणि कुशल हाताच्या स्त्रिया भिंगाखाली झडपेचे बारीक टाके घालतात. आणि पालकांनी एवढे करावे: मुलाचा घसा वरचेवर सुजत असेल, तापानंतर सांधे सुजून दुखत असतील, तर अंगारा-धुपाऱ्यात दिवस न घालवता त्याला डॉक्टरांकडे न्यावे. वेळेवर दिलेले पेनिसिलीन पुढची झडपेची शस्त्रक्रिया टाळू शकते. ऱ्हुमॅटिक ताप होऊन गेला असेल तर ठरावीक दिवसांनी घ्यायचे इंजेक्शन डॉक्टर सांगतील तितकी वर्षे चुकवू नये.

सहकाऱ्याच्या मातोश्रींना झडप बसली. आता त्या सकाळी गल्लीच्या टोकापर्यंत फेरी मारून येतात. आम्ही भेटायला गेलो तेव्हा त्यांच्या प्रश्नाचे उत्तर सोबत नेले होते. आधी काचेत व पाण्यात, मग खाटकाकडच्या हृदयात, मृत माणसांच्या हृदयात, मेंढीत, यंत्रावर कोट्यवधी वेळा, आणि मग माणसात, असे त्यांना क्रमाने सांगितले. त्यांनी सर्व ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "म्हणजे पुष्कळ जणांनी आधी सोसलंय." आम्ही होय म्हणालो.